तुमच्या नावावरचं नेट

भिवंडीत धामणकर नाक्यावर उभं राहून फोनमधली वायफायची यादी उघडली, तर ती लवकर संपत नाही. कंपनीचं नाव आणि पुढे काही आकडे, कुणाचं आडनाव, एखादं कापड दुकान, वरच्या मजल्यावरचा क्लास. यातली प्रत्येक ओळ म्हणजे कुठल्या तरी घरातला, दुकानातला किंवा कारखान्यातला एक राउटर. ते सगळे आपल्याला रस्त्यात उभं राहून दिसतात, कारण त्यांच्या लहरी रस्त्यावर येतात. यात बिघाड काही नाही. वायफायचा जुना आणि अजूनही भरपूर वापरातला पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा आहे. त्यातल्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर असते. विटांची भिंत, लाकडी दार, खिडकीची काच यांतून जाताना ती क्षीण होते, थांबत नाही.

भिवंडीत याला फार महत्त्व आहे, कारण इथली घरं सुटी नाहीत. खाली यंत्रमाग आणि वर बिऱ्हाड, दोन खोल्यांमध्ये एकच भिंत, समोरच्या खिडकीत हात पोचेल एवढी गल्ली. पद्मानगर, शांतीनगर, कोंबडपाडा अशा वस्त्यांमध्ये एका राउटरच्या टप्प्यात कितीतरी बिऱ्हाडं सहज येतात. त्यातली काही त्याच राउटरवर चालतात, हेही इथलं खरं आहे. एकाने कनेक्शन घ्यायचं आणि शेजारच्या दोघा-तिघांनी पैसे वाटून घ्यायचे. नाहीतर मालकाने कामगारांना पासवर्ड सांगून टाकायचा, म्हणजे पाळी संपल्यावर उत्तर प्रदेशात, बिहारमध्ये, तेलंगणात घरच्यांशी व्हिडिओवर बोलता येतं. सुरक्षिततेवर लिहिणारे या वाटून घेण्याला सरसकट नावं ठेवतात. मला ते पटत नाही. दाटीच्या गावात माणसं एकमेकांच्या आधाराने राहतात आणि नेट त्याला अपवाद असण्याचं कारण नाही. मात्र ते कुणाच्या नावावर आहे, हे ओळखून वाटावं. तशी सोय आजच्या बहुतेक राउटरमध्ये आहे आणि ती फार थोडे लोक वापरतात.

नावाचा मुद्दा किती गंभीर आहे, हे महाराष्ट्राने २००८ साली पाहिलं. २६ जुलैच्या संध्याकाळी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका सुरू होण्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल आला. तो ज्या आयपी पत्त्यावरून निघाला होता, तो शोधत पोलीस नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत पोचले. तिथे एक अमेरिकन नागरिक राहत होता. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने त्याची चौकशी केली, त्याचे संगणक तपासले. त्याच्या वायफायला पुरेसं संरक्षण नव्हतं आणि बाहेरच्याच कुणीतरी ते वापरून ईमेल पाठवला होता, असं तपासात पुढे आलं. २३ ऑगस्टला दुसरा ईमेल आला, तो माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवर्कवरून. १३ सप्टेंबरला, दिल्लीतल्या स्फोटांच्या दिवशी, तिसरा आला, तो चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वायफायवरून. तिन्ही ठिकाणच्या माणसांचा कटाशी काही संबंध नव्हता. तरी पोलिसांची गाडी आधी त्यांच्याच दारात उभी राहिली. पुढे जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय शोधण्यासाठी शहरात पथकं फिरवायचं ठरवलं आणि त्याच वर्षी दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना ग्राहकांची वायफाय सुरक्षित करण्याबाबत सूचना दिल्या.

हे का घडतं, ते समजून घेणं अवघड नाही. घरात दहा फोन असोत, टीव्ही असो, गल्लीकडे लावलेला कॅमेरा असो. राउटर त्या सगळ्यांची ये-जा एकत्र करून बाहेरच्या जगात एकाच आयपी पत्त्याने पाठवतो. तो पत्ता कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठल्या ग्राहकाकडे होता याची नोंद कंपनीकडे असते. त्या ग्राहकाच्या राउटरला त्या वेळी कुणाचा फोन जोडलेला होता, ही नोंद मात्र साध्या घरगुती राउटरमध्ये फारशी टिकत नाही. अनेकदा वीज गेली की तीही जाते. मग पहिला प्रश्न बिल भरणाऱ्यालाच विचारला जाणार. अप्रामाणिक हेतूने दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये परवानगीशिवाय शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण तो शिरणारा सापडेपर्यंतची धावपळ बिल ज्याच्या नावावर आहे त्याची.

आता प्रत्यक्ष खोक्याकडे वळू. केबलवाला येतो आणि तार जिथून आत आली तिथेच, म्हणजे बहुधा दाराच्या वर किंवा गॅलरीच्या कोपऱ्यात, खिळा ठोकून राउटर टांगतो. त्याचं काम तिथे सोपं होतं. पण राउटर आपल्या लहरी आडव्या चहूबाजूंना फेकतो, त्यामुळे गॅलरीत टांगलेल्या राउटरचं अर्धं नेट गल्लीला मिळतं आणि आतल्या खोलीतली मुलगी अभ्यासाचा व्हिडिओ अडकला म्हणून चिडते. दोन-चार मीटर जास्तीची तार मागून घ्यावी आणि राउटर घराच्या मध्याशी, छातीच्या उंचीच्या वर, मोकळ्या जागी ठेवावा. लोखंडी कपाटात, फ्रिजच्या मागे, पाण्याच्या पिंपाजवळ ठेवू नये. धातू या लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेतं. खाली कारखाना असेल तर मागांच्या लोखंडी सांगाड्यांमधून आणि पत्र्यांमधून वरचं वायफाय धड पोचणार नाही. तिथल्या ऑफिससाठी वेगळी केबल खाली सोडून दुसरा ॲक्सेस पॉइंट बसवणं हाच खरा उपाय.

लूमच्या मोटारींमुळे नेट अडतं, असा एक समज आहे. मोटारींचा विद्युत गोंगाट वायफायच्या पट्ट्यापेक्षा फार खालच्या वारंवारतेचा असतो. त्याने वायफाय अडण्याचं कारण नाही. राउटरला छळतं ते इथल्या हवेत उडणारं कापसाचं तूस. राउटरला पंखा नसतो. तो अंगावरच्या बारीक फटींतूनच थंड होतो, आणि त्या फटींवर तुसाचा थर बसला की आतली उष्णता साचते, मग राउटर मध्येच बंद पडतो. अधूनमधून प्लग काढून कोरड्या, मऊ ब्रशने ते झाडावं. ओलं फडकं लावू नये. वीज वारंवार जात असेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्यावा. घेताना अ‍ॅडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळतात का, तेवढं पाहावं.

गर्दीचा प्रश्न वेगळा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच : १, ६ आणि ११. आजूबाजूला वीस राउटर असले की हे तिन्ही भरलेले असतात. मधला ३ किंवा ४ निवडला तर दोन्हीकडचा त्रास सोसावा लागतो. एक-दोन खोल्यांच्या घराला यावर चांगला उतारा आहे तो ५ गिगाहर्ट्झचा पट्टा. तिथे चॅनल पुष्कळ, वेग जास्त. भिंतींतून तो कमी जातो, म्हणून मोठ्या बंगल्यात लोक त्याला नावं ठेवतात. चाळीतल्या खोलीत मात्र हाच त्याचा गुण, कारण शेजाऱ्याचा त्रास आपल्याला कमी आणि आपला शेजाऱ्याला.

फायबरच्या खोक्यावर एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला तर पासवर्ड बदलून किंवा रिसेट दाबून उपयोग नाही. बाहेरून येणारा प्रकाशच तुटलेला असतो. फायबर म्हणजे काचेची केसाएवढी तार. ती दारात चेंगरली किंवा फार वाकवली की प्रकाश गळतो. तार सरळ करून पाहावी आणि तरी दिवा लाल राहिला तर केबलवाल्याला फोन करावा. काढलेल्या तारेच्या टोकात डोळा लावून पाहू नये. त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण तो असतो.

राउटरला पासवर्ड दोन असतात, ही गोष्ट शिकलेल्या घरांतही अनेकांना ठाऊक नसते. एक वायफायचा, जो आपण पाहुण्यांना सांगतो. दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा. वायफायला जोडलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाकला की एक पान उघडतं आणि नाव-पासवर्ड विचारतं. नेमका पत्ता राउटरच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवर असतो. जुन्या कित्येक राउटरमध्ये नाव ॲडमिन आणि पासवर्डही ॲडमिनच. तो बदललेला नसेल तर ज्याला तुम्ही फक्त नेट दिलं, त्याच्या हातात अख्खा राउटर गेला.

त्याने काय बिघडतं? राउटरमध्ये डीएनएस नावाची एक सेटिंग असते. आपण बँकेचं नाव टाइप करतो तेव्हा त्या नावाचा आकडी पत्ता कुणाला विचारायचा, हे तिथे लिहिलेलं असतं. ती कुणी बदलली तर बरोबर नाव टाकूनही फोन भलत्याच पानावर जाऊ शकतो, आणि हे घरातल्या प्रत्येक फोनच्या बाबतीत एकाच वेळी घडतं. ब्राउझर अशा वेळी बहुधा प्रमाणपत्र जुळत नसल्याचा इशारा देतो. तो इशारा ‘पुढे जा’ म्हणून कधीच ओलांडू नये.

कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवण्याची किंमत देशाने जुलै २०१७ मध्ये मोजली. बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या हजारो ग्राहकांचे मॉडेम एका घातक प्रोग्रॅमने बंद पाडले. त्याने कुठली अवघड विद्या वापरली नव्हती. ज्या मॉडेमचा पासवर्ड अजून कारखान्यातलाच होता, त्यांत तो सरळ शिरला. आदल्या वर्षी, २०१६ मध्ये, मिराय नावाच्या प्रोग्रॅमने जगभरातले कॅमेरे आणि राउटर याच पद्धतीने ताब्यात घेतले होते. त्याच्या यादीत साठेक ठरावीक नाव-पासवर्डच्या जोड्या होत्या, बस्स. तेव्हा सेटिंगचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, कागदावर लिहून मीटरच्या बिलांच्या फाइलमध्ये ठेवावा, आणि त्याच पानावर रिमोट मॅनेजमेंट असं काही चालू दिसलं तर केबलवाल्याला विचारून बंद करावं. काही कंपन्या दुरुस्तीसाठी स्वतःची वाट चालू ठेवतात, म्हणून विचारणं बरं.

आता वायफायचा पासवर्ड. आपल्याकडे तो बहुधा मोबाइल नंबर असतो. लक्षात राहतो, सांगायला सोपा, दहा आकडी म्हणून मजबूतही वाटतो. इथे थोडं गणित करू. भारतातले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. आकडा दणदणीत दिसतो. पण वायफायचा पासवर्ड फोडणारा माणूस तुमच्या राउटरवर एकेक पासवर्ड टाकून पाहत बसत नाही. फोन आणि राउटर एकमेकांना ओळख पटवतात तेव्हाची हवेतली देवाणघेवाण तो एकदा टिपून घेतो आणि घरी जाऊन आपल्या संगणकावर जुळवत बसतो. व्हिडिओ गेमसाठी विकलं जाणारं वरच्या दर्जाचं एक ग्राफिक्स कार्ड डब्ल्यूपीए२ या वायफायच्या नेहमीच्या सुरक्षाप्रकारासाठी सेकंदाला पंचवीस लाखांच्या आसपास पासवर्ड तपासू शकतं. ४०० कोटींना त्याने भागा. १,६०० सेकंद येतात. अर्ध्या तासाच्याही आत देशातला प्रत्येक शक्य मोबाइल नंबर तपासून होतो. जन्मतारखेचे आठ आकडे तर एका मिनिटातच संपतात.

याचा पडताळा २०२१ साली मिळाला. इदो हुरविच नावाच्या इस्रायली संशोधकाने तेल अवीवमध्ये फिरून ५,००० वायफाय नेटवर्कची अशी माहिती गोळा केली आणि त्यांतल्या सुमारे ७० टक्के नेटवर्कचे पासवर्ड शोधून काढले. सर्वांत मोठा वाटा मोबाइल नंबरांचा होता. त्या लोकांची सवय आणि आपली सवय अगदी एक आहे.

मग ठेवायचा तरी काय? पाच साधे शब्द, ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, रोमन अक्षरांत सलग लिहिलेले. विहीर, कुकर, आजोळ, पतंग, जिना असे. रोजच्या वापरातले दोन हजार शब्द घेतले आणि त्यांतून खरोखर आंधळेपणाने पाच उचलले, तर ३२ वर पंधरा शून्यं एवढे संच होतात. वरच्याच वेगाने ते सगळे तपासायला एका कार्डाला ४०० वर्षं लागतील. शब्द उचलताना मात्र डोळे मिटूनच उचलावेत. वर्तमानपत्राच्या वेगवेगळ्या पानांवर बोट ठेवून निघाले तसे घ्यावेत. मुलाचं नाव, कुलदैवत, गाव आणि लग्नाचं वर्ष यांची माळ ओवली तर ती ओळखीच्या माणसाला अंदाजाने सापडते. इथे छापलेले पाच शब्द अर्थातच वापरू नयेत.

सेटिंगच्या पानावर सुरक्षेचा प्रकार निवडायला मिळतो. डब्ल्यूईपी हा १९९७ चा आहे आणि २००१ मध्येच तो कच्चा असल्याचं सिद्ध झालं. तो कुठे दिसला तर राउटरच बदलायची वेळ आली असं समजावं. २००४ पासूनचा डब्ल्यूपीए२ चालेल. २०१८ मध्ये आलेला डब्ल्यूपीए३ असेल तर उत्तम, कारण त्यात हवेतली देवाणघेवाण टिपून घरी नेऊन फोडण्याचा वरचा मार्ग बंद केला आहे. घरातला एखादा जुना फोन त्याला जुळला नाही तर दोन्ही मिळून चालणारा पर्याय असतो.

डब्ल्यूपीएस नावाचं बटण किंवा सेटिंग दिसली तर ती बंद करावी. पासवर्ड न टाकता उपकरण जोडता यावं म्हणून ती आणली होती. तिच्यात आठ आकडी पिन असते. आठ आकडे म्हणजे १० कोटी शक्यता हव्यात. पण राउटर पहिले चार आकडे वेगळे तपासतो आणि उरलेले वेगळे. पहिले चार बरोबर आले की आकड्यांच्या कुलपाची अर्धी कडी सुटल्यासारखं होतं. त्यात शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो. म्हणजे पहिल्या भागाच्या १०,००० आणि दुसऱ्याच्या १,०००, मिळून ११,००० प्रयत्न पुरतात. २०११ च्या अखेरीस हे उघड झालं. नवीन राउटरमध्ये त्यावर मर्यादा घातल्या गेल्या, पण स्वस्तातल्या खोक्याचा भरवसा धरायला नको.

नेटवर्कचं नाव लपवून ठेवण्याचा सल्ला काही जण देतात. त्याने सुरक्षा वाढत नाही; साध्या साधनाने ते नाव कळतं, आणि तुमचा फोन जिथे जाल तिथे ते नाव पुकारत राहतो. नाव दिसू द्यावं. त्यात आडनाव, खोली नंबर किंवा दुकानाचं नाव नसावं, एवढंच.

आता वाटून घेण्याची गोष्ट. सेटिंगमध्ये गेस्ट नेटवर्क नावाचा पर्याय असतो. तो चालू केला की त्याच राउटरवरून दुसऱ्या नावाचं, दुसऱ्या पासवर्डचं वायफाय निघतं. त्यावर आलेल्या माणसाला इंटरनेट मिळतं, पण तुमचा टीव्ही, कॅमेरा, हिशेबाचा संगणक, सेटिंगचं पान यांपर्यंत तो पोचत नाही. त्यासाठी ‘आयसोलेशन’ किंवा घरच्या नेटवर्कची परवानगी असं काही लिहिलेलं असेल, ते तपासून घ्यावं. कारखान्याच्या ऑफिसात याची गरज घरापेक्षा जास्त आहे. जीएसटीची विवरणं, बँकेचे व्यवहार, ताग्यांचा हिशेब ज्या संगणकावर आहे, तो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोन एकाच नेटवर्कवर असू नयेत. कामगारांना नेट द्यावंच. आठ-दहा जण एका खोलीत राहतात आणि घरचं माणूस त्यांना फक्त पडद्यावर दिसतं. त्यांच्याकडून ते काढून घेण्यात कसलीच सुरक्षा नाही. त्यांना गेस्टचा पासवर्ड द्यावा, आणि कुणी काम सोडून गेलं, भाडेकरू बदलले की तो बदलावा. घरचा पासवर्ड न बदलता हे करता येतं, ही यातली सगळ्यात मोठी सोय. शेजाऱ्यांनाही हाच द्यावा आणि कारण उघड सांगावं. माझ्या नावावर कनेक्शन आहे, काही झालं तर मला विचारतील, हे कुठल्याही शहाण्या शेजाऱ्याला पटतं. गेस्ट नेटवर्कने आयपी पत्ता वेगळा होत नाही, हे मात्र विसरू नये. बाहेरच्या जगासाठी ते नेट अजून तुमचंच. म्हणून ते ओळखीच्या माणसांनाच द्यावं आणि ज्या शेजाऱ्याला रोज लागतं, त्याला स्वतःचं छोटं कनेक्शन घ्यायला मदत करावी. सेटिंगच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते. ती महिन्यातून एकदा पाहावी आणि घरच्यांबरोबर बसून प्रत्येक नाव कुणाचं, ते जुळवावं. न ओळखलेलं नाव उरलं तर पासवर्ड बदलावा. बदलल्यावर जो तक्रार घेऊन येईल, त्याचा तो फोन.

राउटरमधला प्रोग्रॅम, ज्याला फर्मवेअर म्हणतात, तोही जुना होतो आणि त्यातल्या सापडलेल्या चुका कंपनी नव्या आवृत्तीत दुरुस्त करते. ‘ऑटो अपडेट’ असेल तर चालू करावं. कंपनीने अपडेट देणं थांबवलेला राउटर कितीही चांगला चालत असला तरी बदलावा. नेटवरून फसवणूक झाल्याचं लक्षात आलं तर १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर ताबडतोब फोन करावा. पैसे अडवण्यासाठी सुरुवातीचे तास फार मोलाचे असतात.

कनेक्शन बदललं, घर सोडलं, राउटर जुना झाला की तो भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातो. त्यात तुमच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड असतोच, पुष्कळदा कंपनीकडे नोंदलेलं तुमच्या कनेक्शनचं लॉगिनही असतं. देण्याआधी तो विजेला जोडावा, पाठीमागच्या रिसेटच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा-पंधरा सेकंद दाबून धरावी आणि सगळे दिवे एकदा जाऊन पुन्हा लागेपर्यंत थांबावं. खोकं कंपनीचं असेल तर ते परत करून पावती घ्यावी आणि कनेक्शन तुमच्या नावावरून बंद झाल्याचं लेखी मागून घ्यावं.